शेअर घरोघरी कोणी नेला? १९७७ च्या दंतकथेविरुद्ध

१/
भारतीय शेअर बाजाराचा इतिहास समाजमाध्यमांवर हल्ली एकाच वाक्यात उरकला जातो: १९७७ साली रिलायन्सने भागविक्री केली आणि सामान्य भारतीय माणूस प्रथमच भागधारक झाला. वाक्य आटोपशीर आहे, नायक ठसठशीत आहे, शेवटही गोड आहे. उणीव एवढीच की पुराव्यापुढे ते टिकत नाही.

२/
या दंतकथेत तीन चुका आहेत. पहिली कालगणनेची: सामान्यांच्या हाती शेअर जाण्याची वाटचाल १९७७ च्या शंभराहून अधिक वर्षे आधी सुरू झाली. दुसरी कारणमीमांसेची: कायद्याने जे घडवले त्याचे श्रेय व्यक्तीच्या पदरात टाकले जाते. तिसरी चूक सर्वांत घातक: भागधारक वाढले म्हणजे मालकी वाटली गेली, असे येथे गृहीत धरले जाते. तिघींचा समाचार क्रमाने.

३/
आरंभ कायद्यापासून. बुडालेल्या धंद्याच्या कर्जापायी भागीदाराचे घरदार लिलावात निघू शकते, तोवर अनोळखी माणसाच्या धंद्यात कोणी शहाणा पैसा घालत नाही. १८५७ च्या कायद्याने हिंदुस्थानातील कंपन्यांना मर्यादित जबाबदारीचे तत्त्व लागू केले. बँका व विमा कंपन्या तेव्हा वगळल्या होत्या. बँकांना ही सवलत १८६० मध्ये मिळाली. नुकसान झाले तरी ते घातलेल्या रकमेपुरतेच, ही हमी मिळाली आणि परक्याच्या धंद्यात वाटा घेणे शक्य झाले.

४/
हमीपाठोपाठ पैसाही आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील राज्यांचा कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. तो मुरवायला कंपन्या हव्या होत्या. त्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था, २० विमा कंपन्या आणि ८ जमीन कंपन्या होत्या.

५/
प्रेमचंद रायचंद हे या खेळाचे सूत्रधार, तर समुद्र हटवून जमीन काढू पाहणारी बॅक बे रेक्लमेशन कंपनी ही त्याची पताका. या सट्ट्यात केवळ शेटजी नव्हते. कारकून, दुकानदार, सरकारी नोकर असे अनेक जण त्यात ओढले गेले. त्यातील बहुतेकांना कंपनीच्या कारभाराशी कर्तव्य नव्हते. पुढच्या तारखेला देण्याघेण्याचे वायदे करायचे आणि मधला फरक खिशात घालायचा, एवढाच व्यवहार.

६/
एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही वायद्यांच्या हिशेबाची तारीख होती. त्या दिवशी देणेकरीही बुडालेले आणि घेणेकरीही. बॅक बेचा सुमारे ५०,००० रुपयांना पोचलेला शेअर २,००० च्या खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. या बँकेच्या संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी बसत होते, हे विशेष.

७/
दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. १८७५ मध्ये मुंबईच्या दलालांनी आपली संघटना उभारली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. आता १९७७ च्या ‘आरंभा’कडे पाहावे. ज्या शहरात शेअरपायी शंभर वर्षांपूर्वी संसार उद्ध्वस्त झाले होते, त्या शहराला शेअर म्हणजे काय हे १९७७ मध्ये कोणी शिकवावे लागले, ही कल्पनाच हास्यास्पद आहे.

८/
यावर एक आक्षेप येईल: तो सट्टा होता, गुंतवणूक नव्हती. आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरे उदाहरण १९०७ चे. टाटांना पोलाद कारखान्यासाठी भांडवल हवे होते. त्यांनी आधी लंडनचा बाजार चाचपला, पण तेथे दाद लागली नाही. मग त्यांनी हिंदुस्थानातच भागविक्री करण्याचे ठरवले. ऑगस्ट १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली. वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीचा तो भर होता.

९/
मुंबईतील टाटांच्या कचेरीवर सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांची रीघ लागली. तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंडांचे, म्हणजे सव्वादोन कोटी रुपयांहून अधिक भांडवल जमा झाले. ते देणारे सुमारे ८,००० जण होते आणि सगळे हिंदी. पुढे लागलेल्या ४ लाख पौंडांचे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने घेतले. रिलायन्सच्या भागविक्रीच्या बरोबर ७० वर्षे आधीची ही घटना.

१०/
तथापि एका दंतकथेच्या जागी दुसरी बसवणे हाही गुन्हाच. हे ८,००० जण ‘जनता’ होते काय? साधारण शेअरची दर्शनी किंमत ७५ रुपये होती. त्या काळच्या गिरणी कामगाराची ती कित्येक महिन्यांची मजुरी. रीघ लावणाऱ्यांत व्यापारी, वकील, पेन्शनर, संस्थानिक असणार. परळचा जॉबरसुद्धा क्वचितच. देशभक्तीला येथे किमान ७५ रुपयांची अट होती.

११/
ज्यांच्याकडे ७५ रुपये नव्हते त्यांच्यासाठी त्याच काळात महाराष्ट्रात दुसरे दार उघडले होते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची योजना काढली, टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. देणाऱ्याला शेअरही मिळाला नाही आणि लाभांशही नाही. श्रीमंताचा स्वदेशीतील पैसा ‘भांडवल’ ठरला, गरिबाचा ‘वर्गणी’. कोणाच्या वाट्याला मालकीचा कागद येतो आणि कोणाच्या वाट्याला केवळ पुण्य, या प्रश्नाचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

१२/
बरे, ज्यांना कागद मिळाला त्यांच्या हाती सत्ता आली काय? त्या काळी बहुतेक मोठ्या कंपन्यांचा कारभार ‘मॅनेजिंग एजन्सी’ पद्धतीने चाले. शेअर शेकडो लोकांचे, पण खरेदी, विक्री, नेमणुका, कर्जे सारे एका पेढीच्या हाती, आणि तेही दीर्घ मुदतीच्या कराराने. मुंबईच्या अनेक गिरण्यांत एजंटाचे कमिशन नफ्यावर नव्हे, तर तयार झालेल्या सुताच्या दर पौंडामागे पाव आणा असे ठरलेले असे.

१३/
या पाव आण्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. गिरणी तोट्यात असो वा नफ्यात, सूत निघत राहिले की एजंटाचे कमिशन पक्के. तोटा झाला तर तो भागधारकांचा. जोखीम अनेकांत वाटलेली आणि अधिकार एका हाती गोळा झालेला, ही रचना अपघाताने निर्माण झाली नव्हती. ती कायदेशीर होती आणि स्वातंत्र्यानंतरही दोन दशके टिकली. १९७० मध्ये कायद्याने ती मोडीत काढली. भागधारकांच्या सभांना जे जमले नाही ते संसदेला करावे लागले.

१४/
आता दंतकथेने ज्याचा उल्लेखही केला नाही ते प्रकरण. महाराष्ट्रात सामान्य माणूस भागधारक झाला तो दलाल स्ट्रीटपासून फार दूर, अहमदनगर जिल्ह्यातील लोणीत. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. भाग भांडवल गोळा करायला माणसे गावोगाव हिंडली. शेतकऱ्याने शेअर घेतला आणि तो कारखान्याचा ‘सभासद’ झाला.

१५/
हा शेअर बाजारात विकला जात नाही, त्याचा भाव वर्तमानपत्रात छापून येत नाही, म्हणून इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेतून तो निसटतो. पण कायद्याच्या दृष्टीने तो एका बाबतीत कंपनीच्या शेअरहून श्रेष्ठ आहे. कंपनीत मत शेअरच्या प्रमाणात मिळते. ज्याचे शेअर लाख, त्याची मते लाख. सहकारी संस्थेत एक सभासद, एक मत. दोन एकरवाला आणि वीस एकरवाला सर्वसाधारण सभेत सारखे. मुंबईच्या कोणत्याही नोंदणीकृत कंपनीने ही समता कधी दिली नाही.

१६/
या प्रकरणाचेही गोडवे गाऊन चालणार नाही. ‘साखरसम्राट’ हा शब्द मराठीला याच चळवळीने दिला. एक मत एक सभासद असूनही अनेक कारखान्यांत अध्यक्षपद पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिले. आणि ज्याच्या कोयत्यावाचून गाळप सुरू होत नाही, त्या ऊसतोड मजुराला सभासदत्वच नाही, कारण त्याच्या नावावर ऊस नाही. तरीही ‘सामान्य माणूस भागधारक केव्हा झाला’ या प्रश्नाचे उत्तर देताना हे प्रकरण वगळणे म्हणजे खेड्याला सामान्यांतून वगळणे होय.

१७/
शहरी मध्यमवर्गासाठी शासनाने वेगळी वाट काढली. संसदेच्या १९६३ च्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन झाला आणि १९६४ मध्ये ‘यूएस-६४’ योजना १० रुपये दर्शनी किमतीच्या युनिटने खुली झाली. ज्याला शेअर निवडता येत नाही, त्याने युनिट घ्यावे. शेअर निवडण्याचे काम ट्रस्ट करील. शिक्षक, कारकून, विधवा, निवृत्त माणसे या दाराने अप्रत्यक्षपणे भांडवल बाजारात आली. १९७७ अजून १३ वर्षे दूर होते.

१८/
आता दंतकथेच्या गाभ्याकडे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, अर्थात ‘फेरा’ने, १ जानेवारी १९७४ पासून परदेशी कंपन्यांना काही अपवाद वगळता आपला भागहिस्सा ४० टक्क्यांवर आणणे बंधनकारक केले. कोका-कोला आणि आयबीएम यांनी देश सोडणे पसंत केले. कोलगेटसारख्या अनेक कंपन्या राहिल्या. राहायचे तर शेअर भारतीयांना विकायचे, हाच मार्ग होता.

१९/
विकायचे कोणत्या किमतीला? ते कंपनीच्या मर्जीवर नव्हते. १९४७ च्या भांडवल विक्री नियंत्रण कायद्यानुसार दिल्लीतील ‘कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज’ हे अधिकारी किंमत मंजूर करत. त्यांचे सूत्र कंपनीची मालमत्ता आणि पूर्वीचा नफा यांवर आधारलेले होते, बाजारातील उत्साहावर नव्हे. परिणामी नावाजलेल्या कंपन्यांचे शेअर बाजारभावाहून पुष्कळ स्वस्त हाती पडू लागले. वाटपात छोट्या अर्जदाराला झुकते मापही मिळे. मध्यमवर्ग अर्ज भरायला धावला नसता तरच नवल.

२०/
थोडक्यात, सत्तरच्या दशकातील ‘शेअर-संस्कृती’ ही सरकारी सूत्राने स्वस्त केलेल्या मालाला आलेली मागणी होती. साबण आणि दंतमंजन घरोघरी आधीच पोचले होते. कायद्याने त्यांच्यामागोमाग शेअरही पोचवला. ज्याला आज ‘लायसन्स राज’ म्हणून उठताबसता दूषणे दिली जातात, त्याच व्यवस्थेच्या एका शाखेने हजारो घरांत पहिला शेअर नेला. हे सत्य दंतकथेला सोसवत नाही, म्हणून ती ते सांगत नाही.

२१/
या पार्श्वभूमीवर १९७७ ची भागविक्री पाहावी. रिलायन्स टेक्स्टाइलने २८ लाख शेअर दर्शनी किमतीला, १० रुपयांना, विक्रीस काढले. मागणी सातपट आली. सुमारे ५८,००० गुंतवणूकदारांना शेअर मिळाले. दंतकथेचा हा मुख्य पुरावा, आणि तोच तिच्यावर उलटतो. ज्या लोकांनी शेअर कधी पाहिलाच नव्हता, ते पहिल्याच हाकेला सातपट संख्येने कसे काय जमले? गर्दी आधीच जमलेली होती. फेराने ती अर्ज भरायला शिकवली होती.

२२/
न्याय सर्वांना हवा, धीरूभाई अंबानींनाही. बँकांपेक्षा छोट्या गुंतवणूकदारांकडून भांडवल उभे करता येते, हे त्यांनी इतरांआधी हेरले. परिवर्तनीय कर्जरोख्यांचा त्यांनी सातत्याने वापर केला. ऐंशीच्या दशकात त्यांच्या भागधारकांच्या वार्षिक सभा सभागृहात मावेनात, त्या मैदानात भरू लागल्या. आलेल्या लाटेवर स्वार होणे हे मोठेच कौशल्य आहे. पण स्वाराला समुद्राचा जनक म्हणणे हा इतिहास नव्हे.

२३/
‘श्रेय कोणाचे’ हा वाद निव्वळ विद्वानांचा आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. प्रसार व्यक्तीने घडवला असे मानले की बुडालेला माणूस ‘लोभी’ ठरतो आणि विषय संपतो. प्रसार कायद्याने घडवला हे मान्य केले की कायदा मागे घेतला तेव्हा काय झाले, हे विचारावेच लागते. म्हणून आता १९९२ कडे.

२४/
त्या वर्षी भांडवल विक्री नियंत्रण कायदा रद्द झाला आणि शेअरची किंमत ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना मिळाले. देखरेखीसाठी सेबीला त्याच वर्षी वैधानिक दर्जा देण्यात आला. म्हणजे दाराचे कुलूप काढले तेव्हा पहारेकरी नुकता कामावर रुजू होत होता. एप्रिलमध्ये हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले. पुढच्या काही वर्षांत असंख्य नव्या कंपन्यांनी जनतेकडून पैसा उचलला, आणि त्यांतील अनेक कंपन्यांचा पुढे पत्ताही सापडेना.

२५/
त्यांच्यासाठी सरकारी दप्तराला नवी संज्ञा घडवावी लागली: ‘व्हॅनिशिंग कंपनीज’, अर्थात नाहीशा झालेल्या कंपन्या. ज्या घरांनी सत्तरच्या दशकात नियंत्रित किमतीच्या शेअरवर विश्वास कमावला होता, त्यांनी तोच विश्वास नव्वदच्या दशकात अनियंत्रित अर्जांवर गमावला. पुढे २००१ मध्ये ‘यूएस-६४’ची खरेदी-विक्रीही गोठवली गेली. दंतकथेत या माणसांना जागा नाही. तिचा पडदा मैदानातल्या जल्लोषावर पडतो.

२६/
आता तिसरी चूक: संख्या म्हणजे मालकी. हा भ्रम केवळ भारतीय नाही. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ब्रिटिश टेलिकॉम (१९८४), ब्रिटिश गॅस (१९८६) यांसारखे सरकारी उद्योग जनतेला विकले आणि त्याला लोकांची भांडवलशाही म्हटले. १९७९ ते १९९० या काळात तेथील भागधारकांची संख्या सुमारे ३० लाखांवरून सुमारे १.१ कोटींवर गेली. आकडा प्रभावी आहे.

२७/
पण त्याच बाजाराचा दुसरा आकडा पाहावा. नोंदणीकृत शेअरच्या एकूण मूल्यात व्यक्तींचा थेट वाटा १९६३ मध्ये ५४ टक्के होता, १९८१ मध्ये २८ टक्के, आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी २० टक्क्यांच्या आसपास. भागधारक तिपटीहून अधिक झाले आणि त्यांचा एकत्रित वाटा घटला. पंगतीला पाने वाढली. वाढलेल्या अन्नातला त्यांचा हिस्सा मात्र कमी झाला. मोठा वाटा निवृत्तिवेतन निधी आणि विमा कंपन्या यांसारख्या संस्थांकडे गेला.

२८/
भारतात आज तोच एककल्ली आकडा मिरवला जातो. मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी असलेली डीमॅट खाती ऑगस्ट २०२२ मध्ये १० कोटींच्या पुढे गेली. वाढ खरी आहे आणि काही अंशी स्वागतार्हही. परंतु खाते म्हणजे माणूस नव्हे. एकाची दोन-तीन खाती असतात. माणूस म्हणजे मालक नव्हे. अनेक खात्यांत नाममात्र शेअर असतात. आणि मालक म्हणजे मतदार नव्हे. वार्षिक सभेचे मतदानाचे पत्र उघडून पाहणारे किती, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

२९/
याहून गंभीर बाब अशी की या नव्या पिढीतील बरेच जण शेअर घेतच नाहीत. ते फ्युचर्स आणि ऑप्शन्स खेळतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक सौदेकरांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक.

३०/
ऑप्शन घेणाऱ्याला कंपनीत मत नसते, लाभांश नसतो, मालकीचा अंशही नसतो. त्याच्या हाती असतो तो पुढच्या तारखेचा वायदा. म्हणजे १८६५ च्या मुंबईत जे चालले होते तेच, फक्त दलालाच्या ओसरीऐवजी मोबाइलच्या पडद्यावर. १ जुलै १८६५ ही हिशेबाची एकच तारीख होती. आता हिशेबाचा दिवस आठवड्याला येतो. याला ‘मालकीचे लोकशाहीकरण’ म्हणणे ही शब्दांची विटंबना आहे.

३१/
तात्पर्य हे नव्हे की सामान्यांनी शेअर घेऊ नयेत. १९०७ च्या आठ हजारांनी पोलाद उभे केले. लोणीच्या सभासदांनी कारखाना उभा केला. दोन्ही कृत्ये अभिमानास्पद आहेत. परंतु शेअर घराघरांत गेला तो दर वेळी कायदा, चळवळ आणि नियंत्रित किंमत यांच्या खांद्यावरून. त्या खांद्यांचा विसर पडला की ते हळूहळू काढून घेतले तरी कोणी हूं की चूं करत नाही. नायककथेचा खरा लाभ कोणाला होतो, ते येथे कळते.

३२/
म्हणून ‘अमक्याने सामान्य माणसाला शेअर दिला’ असे वाक्य पुन्हा समोर आले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारावेत. किती जणांना? एकूण मालकीतला किती हिस्सा? मत कोणाच्या हाती राहिले? आणि कोणत्या कायद्यामुळे? दंतकथेला पहिल्याच प्रश्नाचे उत्तर येते. इतिहासाला चारही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

(धागा समाप्त)